सही करण्याआधी : शोध, पेटंट आणि परदेशची वाट
(वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : ताई, मी इचलकरंजीचा. घरचे साधे यंत्रमाग आहेत, डिप्लोमा करून मीही त्याच धंद्यात आहे. धोट्यातली आडव्या सुताची कांडी संपली आणि माग तसाच चालत राहिला, की कापडात फट पडते आणि व्यापारी तो तागा सेकंडमध्ये, म्हणजे हलक्या मालात, काढतो. कांडी संपायच्या जरा आधी माग थांबवणारं एक स्वस्त साधन मी बनवलंय. महागड्या मागांवर अशी सोय असतेच, माझं साधन जुन्या मागावर बसतं. आमच्या आणि शेजारच्या कारखान्यात ते चालू आहे. गावात माग बसवायला आलेल्या बेल्जियमच्या एका माणसानं ते पाहिलं आणि त्याच्या कंपनीनं मला नोकरी देऊ केली. पगार चांगला आहे. अट एकच, हे साधन आणि त्यावरून पुढं जे काही निघेल ते जगभर कंपनीच्या मालकीचं. बाबा खुश आहेत. पण कॉलेजातले माझे सर म्हणाले, "जगदीशचंद्र बोसांनी पेटंट घेतलं नाही, देश सोडला नाही. आणि तू शोध विकून निघालास?" ते मनाला फार लागलंय. मी जाणं ही देशाशी गद्दारी आहे का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तू माझ्या भाच्याच्या वयाचा असशील, म्हणून अरे-तुरे करते. परदेशी नोकरी धरण्यात गद्दारी कसलीही नाही. पण तुझ्यापुढे आलेला करार आहे तसा सही केलास, तर उद्या इचलकरंजीतल्या मागवाल्याला तुझंच साधन त्या कंपनीला विचारल्याशिवाय बनवता येणार नाही. मला घोर लागलाय तो या एका ओळीचा. तू कुठल्या गावात राहतोस याचा नाही.

आधी सरांचं बोलणं घेऊ, कारण त्यात निम्मं खरं आहे. मे १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बोसांचं व्याख्यान झालं. त्या सुमारास एका धनाढ्य कंपनीचा मालक पेटंटासाठी त्यांच्या मागे लागला होता आणि त्यांनी त्याला नकार दिला. रवींद्रनाथांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे स्वतः सांगितलंय. पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांच्या नावानं अमेरिकेत पेटंटचा अर्ज गेला आणि मार्च १९०४ मध्ये ते मंजूरही झालं. नंबर ७५५८४०. विद्युतलहरी पकडणाऱ्या उपकरणाचं पेटंट, आणि त्यात निम्मा वाटा सारा बुल या त्यांच्या हितचिंतक बाईंच्या नावे. त्यावर बोसांनी पैसा केला नाही, हेही तितकंच खरं. मात्र त्यांच्या देशप्रेमाची खूण मला पेटंटच्या नकारापेक्षा दुसरीकडे दिसते. प्रेसिडेन्सी कॉलेजात हिंदी माणसाला गोऱ्यापेक्षा कमी पगार होता, तर तीन वर्षं त्यांनी पगाराला हात लावला नाही, शिकवत मात्र राहिले. आणि १९१७ मध्ये कलकत्त्यात स्वतःची संस्था उभी केली. सरांना हे सगळं सांग, आदरानं सांग. त्यांना तुझी काळजी आहे म्हणूनच ते बोलले.

मला मात्र तुझं पत्र वाचताना बोसांच्या आधी शंकर आबाजी भिसे आठवले. आपल्याकडे हे नाव शाळेत कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. जन्म मुंबईचा, १८६७ सालचा. चौदाव्या वर्षी या पोरानं घरच्या घरी कोळशापासून गॅस बनवायचं यंत्र केलं. सोळाव्या वर्षी ठरवलं, की इंग्लंड नाहीतर अमेरिकेत जाऊन शोधच लावायचे. पुढं मुंबईच्या लोकलसाठी स्टेशन दाखवणारं यंत्र, उघडली की लगेच कळेल अशी बाटली, असं काय काय चालू होतं. मग एका इंग्रजी नियतकालिकानं स्पर्धा लावली : किराणा माल आपोआप तोलून देणारं यंत्र काढा. भिशांनी मुंबईत बसून आराखडा पाठवला आणि तिकडच्या सगळ्या स्पर्धकांना मागं टाकलं.

आता त्यांना लंडनला कुणी धाडलं बघ. शिफारसपत्र दिलं काँग्रेसच्या दिनशा वाच्छांनी. पत्र होतं दादाभाई नौरोजींच्या नावे. हे तेच दादाभाई, ज्यांनी हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडात कशी वाहून जाते ते आकडे मांडून जगाला सांगितलं. त्यांचा तो ग्रंथ १९०१ चाच. संपत्तीच्या वहनाविरुद्ध जन्मभर झगडलेल्या या म्हाताऱ्यानं भिशांना 'इकडे कशाला आलास' असं विचारलं नाही. रीतसर करार केला आणि पदरचे पैसे घातले. परक्या मुलखात गेलेली बुद्धी आणि परक्या मुलखात गेलेली संपत्ती यांतला फरक दादाभाईंना नेमका कळत होता, असं मला वाटतं. आपला माणूस तिथं गेला तरी आपला राहू शकतो. हक्काचा कागद एकदा दुसऱ्याच्या नावावर गेला, की तो आपला राहत नाही.

लंडनला भिशांनी फिरत्या जाहिराती दाखवणारं विजेचं यंत्र केलं, आपोआप पाणी सोडणारा संडास केला, स्वयंपाकघरातल्या वस्तू केल्या. पण त्यांचा जीव होता तो 'भिसोटाईप'मध्ये, म्हणजे छापखान्याचे खिळे, शिशाची सुटी अक्षरं, पाडणाऱ्या यंत्रात. या यंत्राचं मोल मी घरात पाहिलंय. माझ्या वडिलांचा सांगलीत छापखाना होता, ट्रेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाईयंत्रावर, पत्रिका, पावतीपुस्तकं, क्वचित एखादं कवितांचं पुस्तक. देवनागरीचा एक संच म्हणजे शेकडो खण : अक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं. खिळे वजनावर विकत मिळायचे, त्यामुळे शिशाचा भाव चढला की वडिलांचा चेहरा उतरायचा. झिजलेला खिळा ते अंगठ्याच्या पेरावर दाबून बघत. कड बोचली तर ठीक, नाहीतर तो वितळवायच्या डब्यात. एखाद्या पानात 'ळ' फार आले, की दुसरं पान जुळवायला आधीचं पान छापून सुटं होईपर्यंत थांबावं लागे. खिळा महाग म्हणजे पुस्तक महाग, हे आमच्या घरी कुणी शिकवावं लागलं नाही. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरानं उत्तम मराठी खिळे पाडून दाखवले होतेच. ते काम झपाट्यानं आणि स्वस्तात करणारं यंत्र एका मुंबईकराच्या डोक्यातून निघालं होतं.

ते उभं करायला मात्र कारखाना लागतो आणि त्याहून जास्त भांडवल. दादाभाईंची थैली किती पुरणार? त्यांचे इंग्रज समाजवादी स्नेही हाइंडमन यांनी पंधरा हजार पौंड मिळवून देतो म्हणून सांगितलं, ते आलेच नाहीत. दादाभाई १९०७ मध्ये मायदेशी परतले आणि १९०८ मध्ये भिशांनी लंडनचं काम गुंडाळून मुंबई गाठली. इथं पुन्हा कोण धावून आलं? गोपाळ कृष्ण गोखले. त्यांनी रतन टाटांकडे, म्हणजे जमशेटजींच्या धाकट्या चिरंजीवांकडे, शब्द टाकला. दक्षिण आफ्रिकेतल्या गांधींच्या लढ्याला गोखल्यांमार्फत पंचवीस हजार रुपये देणारे हेच रतन टाटा. त्यांच्या पैशावर १९१० मध्ये टाटा-भिसे सिंडिकेट उभं राहिलं. सत्याग्रहाला पैसा पुरवणारा हात यंत्राच्या शोधालाही पैसा पुरवत होता आणि ते दोन्ही मागणारा माणूस एकच. हे तुझ्या सरांना जरूर सांग.

पुढं तेही फळलं नाही. रतन टाटा १९१८ मध्ये वारले. भिसे न्यूयॉर्कला स्थिरावले, खिळ्यांच्या यंत्राची त्यांची कंपनी तिथं निघाली. आयोडिनचं एक औषध त्यांनी काढलं, 'अ‍ॅटोमिडीन', त्यानं त्यांना चार पैसे दिले. १९३० मध्ये ते एडिसनला भेटले आणि एप्रिल १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्येच गेले. हिंदी एडिसन म्हणत त्यांना.

हा माणूस देश सोडून गेला असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. वाच्छा, दादाभाई, गोखले, टाटा अशा चौघांनी त्याला खांद्यावर उचलून धाडलं होतं. सलतं ते वेगळंच. कंपनी मुंबईत निघायला हवी होती, निघाली न्यूयॉर्कात. तेव्हा आपल्या हातात कायदा नव्हता, सरकार नव्हतं, यंत्र बनवणारे कारखाने नव्हते. आज यातलं बरंच काही आहे, म्हणून तुला पुढचं खडसावून सांगते.

नोकरी आणि साधन हे दोन वेगळे कागद कर. नोकरीच्या करारात 'नोकरीत असताना केलेले शोध कंपनीचे' असं कलम असणारच. ते जगभर असतं, त्यावर रुसू नकोस. मात्र त्याच करारात 'आधीचे शोध' अशी एक यादी जोडता येते. त्या यादीत तुझं साधन आकृतीसकट, तारखेसकट लिहून घे. मग साधनाचा दुसरा कागद. भारतापुरता हक्क तुझ्याकडे, बाकीच्या देशांसाठी कंपनीला परवाना आणि विकल्या जाणाऱ्या नगामागे तुला काही रक्कम. परवाना म्हण, हस्तांतर म्हणू नकोस. परवान्यात मालक तूच राहतोस. कंपनी यावर अडून बसली, तर त्यांना तुझं डोकं हवंय की इचलकरंजीचा बाजार हवाय, ते तुला तिथंच कळेल.

या सगळ्याआधी, म्हणजे त्यांना एकही आकृती पाठवायच्या आधी, भारतात तात्पुरता अर्ज टाक. प्रोव्हिजनल म्हणतात तो. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १६०० रुपये आहे. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात, अँटॉप हिलला. मी उभी हयात त्या कार्यालयाच्या पायऱ्या चढण्यात घालवली, आता घरबसल्या काम होतं. अर्जाची तारीख मिळाली की पूर्ण अर्ज भरायला बारा महिने, आणि परदेशी अर्ज त्याच तारखेच्या मानानं टाकायलाही तेवढेच. फी हातात आहे म्हणून मजकूर मात्र स्वतः खरडू नकोस. दावे, म्हणजे शोधातलं नेमकं काय तुझं ते, लिहायला चांगला पेटंट एजंट धर. एक शब्द अरुंद पडला तर शेजारचा लोहार तुझं साधन दोन स्क्रू बदलून विकेल आणि तुला बघत बसावं लागेल.

आणि एक, जे तू पत्रात सहज लिहून गेलास : शेजारच्या कारखान्यात ते चालू आहे. किती दिवसांपासून? उघड वापरात आलेल्या गोष्टीला पेटंट नाकारता येतं. चाचणी म्हणून, तुझ्या परवानगीनं, अर्जाआधीच्या एका वर्षाच्या आत आणि अशी चाचणी खरोखर गरजेची असेल, तर कायदा सांभाळून घेतो. तेव्हा शेजाऱ्याकडून 'हे चाचणीसाठी लावलंय' असं तारीख घालून लिहून घे, खरी तारीख. त्याचा व्हिडिओ कुठेही टाकू नकोस. बेल्जियमच्या त्या माणसानं फोटो काढले असतील तर एजंटला पहिल्याच भेटीत सांग. मला वाटतं, तू हे पत्र मला लिहिण्याआधीच एजंट गाठायला हवा होतास. आता हा अंक हाती पडल्यावर तरी थांबू नकोस.

हे झालं की खुशाल जा. तिथले कारखाने डोळे भरून बघ.

प्रश्न : माझी मुलगी जर्मनीत एम. एस. करते. आमचा रत्नागिरीजवळ काजूचा छोटा कारखाना आहे. टरफलातल्या तेलानं बायकांचे हात भाजतात म्हणून मी आणि मुलीनं मिळून हातकटरला एक जोड बनवली. बोटं टरफलापासून लांब राहतात. तिचे प्राध्यापक म्हणतात, इथंच अर्ज टाका. टाकावा का?
– एक आई, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : थेट तिथं टाकू नका. तुम्ही भारतात राहता आणि शोधात तुमचा वाटा आहे. आपल्या पेटंट कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार भारतात राहणाऱ्यानं आधी इथं अर्ज करून सहा आठवडे थांबायचं असतं, नाहीतर परदेशी अर्जासाठी लेखी परवानगी काढायची असते. फॉर्म २५ भरून ती मागतात, आणि नियमानं कार्यालयानं एकवीस दिवसांत निकाल द्यायचा असतो. हे टाळलं तर नंतरचा भारतातला अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात, मिळालेलं पेटंटही रद्द होऊ शकतं आणि शिक्षेचंही कलम आहे. त्यापेक्षा इथंच आधी टाका, कारण हे कटर वापरणारे हात कोकणात आणि गोव्यात आहेत, जर्मनीत नाहीत.

दुसरं, अर्जात शोधक म्हणून दोघींचीही नावं घाला. घरातल्या बाईनं केलेलं काम 'मुलीचा प्रोजेक्ट' म्हणून कागदावर जातं, हे मी फार वेळा पाहिलंय आणि दर वेळी मला संताप आला आहे.

प्रश्न : मी कोल्हापूरचा, बरीच वर्षं न्यू जर्सीत आहे. ओतकामाच्या साच्यांवर काम करतो. माझ्या नावावर पेटंटं आहेत पण मालक कंपनी. आता परत येणं मुलांमुळे शक्य नाही. आपण मायदेशाला काहीच दिलं नाही ही टोचणी असते. गोवारीकरांसारखी माणसं परत आली होती. माझ्यासारख्यानं काय करावं?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : वसंत गोवारीकर बर्मिंगहॅमला पीएच. डी. करून, इंग्लंडात चांगल्या जागी काम करून १९६७ मध्ये केरळातल्या थुंब्याच्या अग्निबाण केंद्रात आले आणि अग्निबाणाचं घन इंधन आपल्याकडे तयार झालं. पण त्यांना बोलावणारे विक्रम साराभाई होते आणि थुंब्यात काम वाट बघत होतं. प्रत्येकाला अशी हाक येत नाही. ती आली नाही म्हणून स्वतःला दोषी धरू नका.

तुमच्या हातात एक गोष्ट आहे, जी इथं राहणाऱ्याला सहजी जमत नाही. पेटंट हे ज्या त्या देशापुरतं असतं. अमेरिकेत मंजूर झालेलं आणि भारतात अर्जच न केलेलं पेटंट आपल्याकडे कुणीही वापरू शकतं, उघडपणे, कायद्यानं. तुमच्या धंद्यातली अशी किती असतील! वीस वर्षांची मुदत संपलेली तर सगळ्यांचीच. ती इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात, पण कोल्हापूरच्या शिरोलीतला किंवा गोकुळ शिरगावचा फाउंड्रीवाला ती वाचत नाही. इंग्रजी वकिली असतं, आणि दिवसभर भट्टीपुढे उभं राहिल्यावर कुणाला त्राण असतं? त्यातलं कुठलं कामाचं, हे तुम्ही पाच मिनिटांत ओळखाल.

मर्यादा दोन सांभाळा. कंपनीची गुपितं, म्हणजे छापून न आलेली कुठलीही गोष्ट, तोंडातून बाहेर काढू नका. तो विश्वासघात होईल आणि नोकरीही जाईल. शिवाय अशा पद्धतीनं बनवलेला माल इथून अमेरिकेला धाडायचा झाला तर तिथलं जिवंत पेटंट आडवं येतं, हे फाउंड्रीवाल्याला आधीच सांगा. भारतात अर्ज आहे की नाही, हे आपल्या पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोधता येतं. जोडीला इथल्या एखाद्या एजंटकडूनही तपासून घ्या.

सुरुवात एकाच पेटंटपासून करा. तुमच्या ओळखीतला गावाकडचा एक कारखाना निवडा आणि त्याला मराठीत दोन पानं लिहून पाठवा : यानं कुठला दोष कमी होतो, साच्यात काय बदलायचं, किती तापमानाला ओतायचं. मापं इंचांत असतील ती मिलिमीटरमध्ये करून द्या आणि आकृती हातानं काढलीत तरी चालेल, साच्याचा नमुना बनवणाऱ्या पॅटर्नमेकरला ती लगेच कळते. लिहिताना काही अडलं तर मला पत्र टाका, भाषेचं मी बघते.